डावं बटण

भरमाच्या मामानं खडेबाजारातून आणलेला खेळ,
सेलचं झाकण हरवलेलं, वर नुसतं रबर.
आत ते पिवळं खवलेमांजर –
टोप्यांवर, दप्तरांवर, बिस्किटाच्या पुड्यावर हसणारं.
इथं मात्र अंग मुडपून चेंडू.

खानापूर ते बेळगाव
मला एकच डाव मिळायचा.
डावं बटण अडकायचं.
त्या अंगाला ते आलं की मी
आख्खा खेळच तिरका धरायचो,
खरंच घरंगळेल म्हणून.

देसूरजवळ नऊ हजार झाले.
भरमा शेंगा खायचा थांबला.
तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "इळीरी, इळीरी!"
आणि ते उतरलं.
दोन दांड्यांच्या मधून, सरळ,
कुणालाच न शिवता.

भरमानं खेळ काढून घेतला.
म्हणाला,
"तुझ्यापेक्षा त्यालाच बरं कन्नड येतंय की."