चार अंश

आठ दिवस बोटीवरच राहायचं,
बोटीवरच जेवायचं, झोपायचं,
आणि रोज तीनदा उतरायचं पाण्यात.
पाण्याचं तापमान पत्रकात तळाशी,
बारीक अक्षरात : चार ते सहा.

चार अंश माझ्या ओळखीचे.
गेल्या जानेवारीत निफाडला चारच होते,
पहाटे बागांमधून शेकोट्यांचा धूर
हायवेपर्यंत आला होता.
शिवाय पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजात
सोळा वर्षं मी गारव्याचाच हिशेब लिहिते.
द्राक्षाला किती थंडी सोसते
ते दशांशात सांगेन.
माझं मला माहीत नाही.

ऐन हंगामात रजा मागितली.
लग्न आहे, म्हटलं.
मालकांनी कुणाचं ते विचारलं नाही.

ड्रायसूट देवळालीच्या पर्सिस दुबाशचा, जुना,
गुडघ्यांवर दोन ठिगळं.
मानेच्या रबराला टाल्कम पावडर चोपडून
तिने माझं डोकं त्यातून ओढून काढलं.
‘वासरू जन्मते ने, तसा,’ ती म्हणाली,
‘आणि एकदा आत गेली की
बाथरूम कुठे ते विचारायचा नाय.’

आता रात्री जाड हातमोजे घालून
मी कुकरचं झाकण लावते,
कुलूप उघडते, बक्कल काढते, घालते.
बोटं हळूहळू न बघता बघायला शिकतायत.
बादलीत बर्फ टाकून चेहरा बुडवते.
पहिल्या क्षणी छाती म्हणते, पळ.
दुसऱ्या क्षणीही तेच म्हणते.
विसाव्याला थोडं ऐकते.

मालवणला कोमट पाण्यात अकरा वेळा उतरले होते मी,
पातळ सूट, कमरेला चार किलो शिसं.
आता चौदा.
महापालिकेच्या तलावात, सकाळी सहाला,
सूटमधली हवा पायांत गेली
आणि मी उलटी, टाचा आभाळाकडे.
काठावरून गांगुर्डे ओरडला,
‘मॅडम, चंद्र तिकडे नाही!’

आबांना सांगायचं राहिलं होतं.
आबा, ज्यांना चाळीस वर्षं
नदीकाठची माणसं मध्यरात्री उठवायला यायची.
कुणी बुडालं की आबा.
टाकी नाही, चष्मा नाही,
छातीभर श्वास आणि कमरेला दोर.
किती जणांना बाहेर काढलं ते मोजलं नाही.
जिवंत किती, ते मोजलं : नऊ.

पाण्यात मजेसाठी जातात
हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

सांगितलं. भाकरी मोडत ऐकलं त्यांनी.
‘खाली काय असतं?’
गवत असतं आबा, तांबडं, माणसाएवढं उंच.
फुलांसारखे प्राणी. खेकडे.
गार पाणी स्वच्छ असतं, वीस मीटर दिसतं.
‘वीस मीटर?’
हो.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
‘गोदेत मला माझा हात कधी दिसला नाही.’
आणि आमटी वाढायला सांगितली.

बॅग तेवीस किलोवर अडकली आहे.
एक स्वेटर काढला, टॉर्च काढला, टॉर्च परत घातला.
पर्सिसने फोनवर बजावलं,
पहिल्या बुडीत काही बघायला जाऊ नकोस,
फक्त श्वास घे, सोड. बाकी समुद्र कुठे जात नाय.

काल शेवटचा सराव.
आबा न सांगता आले,
मफलर गुंडाळून पायरीवर बसले.
मी तळाशी गेले, फरशीवर गुडघे टेकले,
वर बुडबुडे सोडत राहिले,
सात मिनिटं, आठ.

वर आले तेव्हा गांगुर्डे त्यांचा खांदा हलवत होता,
‘बाबा, श्वास घ्या, अहो बाबा.’
त्यांचे ओठ घट्ट मिटलेले,
गाल फुगलेले, डोळे पाण्यावर.
मला पाहिलं तेव्हा सोडला त्यांनी.
कितव्यांदा धरलेला होता, कुणास ठाऊक.

मग गांगुर्डे म्हणाला,
आटपा, साडेसातला लेडीज बॅच आहे.