खिळ्यांचा डबा

प्रबंध छापून आला की आधी माझ्या टेबलावर येतो.
डाव्या कोपऱ्यात मी भोक पाडतो, सहा मिलिमीटरचं,
आणि मग ज्याचा तो स्वतः
दारातल्या फळीवर खिळा ठोकून टांगतो.
तीन आठवडे टांगलेला.
ज्याला शंका असेल त्याने यावं, वाचावं, भांडावं,
अशी आमच्या उमिओत पद्धत.
एकतीस वर्षांत भांडायला आलेला माणूस
मी काही पाहिला नाही.

हातोडी माझी. खिळेही माझे.
वाकलेले सरळ करून पुन्हा कॉफीच्या डब्यात टाकतो.

इल्वा नॉर्डेलला पाच हिवाळे ओळखतो.
रात्री इमारतीला कुलूप लावायला निघालो
की तिसऱ्या मजल्यावरचा शेवटचा दिवा तिचा.
तळ्यांच्या बर्फात अडकलेले बुडबुडे मोजते.
किती, केवढे, कुठल्या थरात.
एकदा शीतखोलीत नेऊन लादी दाखवली:
दुधी काचेत एकावर एक पांढऱ्या चकत्या,
नाण्यांची चळत कुणी रचावी आणि विसरून जावं तशा.
तळं श्वास सोडतं, म्हणाली, थंडी तो धरून ठेवते.
मी विचारलं, आणि हे मोजून?
म्हणाली, तेच तर सगळे विचारतात.

फेब्रुवारीत शेवटचं प्रकरण आणि नोकरीचे अर्ज
एकाच छपाईयंत्रातून निघत होते.
दोन्ही अडकायचे. ओढून काढायला मी.
एक पान संदर्भसूचीचं,
एक 'या पदासाठी मीच का' याचं.
सूचीत स्वल्पविरामही जागचा हलत नव्हता.
दुसऱ्या पानावर मात्र
'मला खात्री आहे' खोडून 'मला वाटतं',
तेही खोडून पुन्हा 'मला खात्री आहे'.

बर्गन नाही. लूलिओ नाही.
किरुनाच्या खाणीतूनही नाही.
'यंदा अर्जदारांचा दर्जा असाधारण होता'
हा नन्नाचा पाढा तिला इतका पाठ झाला
की कॉफीच्या रांगेत ती तो सुरात म्हणून दाखवायची.
एका कचेरीने तर दोनदा नकार कळवला,
अर्ज एकच असताना.
आर्येप्लोगला आईचा फोन आला की म्हणायची, होतंय, होतंय.
काय होतंय ते आईनेही कधी विचारलं नाही.

मेमध्ये नदीवरचा बर्फ गेला
आणि तिचा खिळ्याचा दिवस आला.
केक होता. मार्गदर्शक चष्मा विसरून आले होते.
पहिल्याच फटक्यात खिळा वाकला, सगळे हसले,
तीही हसली, पण हातोडी धरलेली बोटं पांढरी.
मी जवळ जाऊन हळूच सांगितलं,
जुन्या भोकात नको, तिथे धरत नाही.
त्या गाठीशेजारी ठोक. लाकूड कडक आहे, हात दुखेल.

त्याच फळीच्या बाजूला दुसरा एक कागद होता.
जूनअखेर मी निवृत्त होतोय, माझ्या जागेची जाहिरात.
वाहन परवाना हवा. ओझं उचलता आलं पाहिजे.
स्वभाव मनमिळाऊ.
एकशे चाळीस अर्ज आले.
कचेरीतल्या गुनवोरने यादी माझ्यासमोर सरकवली
आणि तेविसाव्या नावावर पेन ठेवलं.
हिचं शिक्षण जरा जास्तच नाही का?
मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.
म्हटलं, दुसरा खिळा सरळ गेला होता.

त्यावर काय झालं, मला अजून ठाऊक नाही.
इल्वाशी मी या विषयावर बोललेलो नाही, तीही नाही.
समोर आलो की दोघं हवामानावर बोलतो.

परीक्षा शुक्रवारी, दुपारी एकला.
बाहेरचा परीक्षक ट्रॉन्डहाइमचा, कडक म्हणतात.
त्याचं संपलं की सभागृहात बसलेल्या कुणालाही
प्रश्न विचारता येतो, नियमच आहे तसा.
एक प्रत मी घरी नेली होती.
इंग्रजी जेमतेम, शब्दकोश घेऊन पान साठपर्यंत पोचलो.
शर्टाला इस्त्री केली आहे.
यंत्रात अडकलेल्या तिच्याच एका अर्जाच्या पाठीवर
प्रश्न लिहून ठेवलाय, दोनदा तपासून:

खालच्या थरातल्या चकत्या
वरच्यांपेक्षा पातळ का?