खुलासा

मा. मुख्याध्यापिका बाई यांस,
विषय: मंगळवारी मधल्या सुट्टीची घंटा
चार मिनिटं उशिरा झाल्याबाबत.

बाई, मेमो मिळाला. सही केली.
लेखी द्या म्हणालात म्हणून लिहिते,
अक्षर लागलं नाही तर वाचून दाखवीन.

एकोणीस वर्षं घंटा देतेय.
सासू गेली त्या दिवशीसुद्धा
शाळा सुटल्याची देऊनच घरी गेले.
हे आधी नोंदवून घ्यावं.

चौथी ब मधला सुयोग चौकेकर.
त्याची खुर्ची तुम्हाला माहीत आहे,
प्लायची, बापानं ठोकलेली, छातीला पट्टा,
तपासणीच्या दिवशी जी आपण कोपऱ्यात सरकवतो.
तीन वर्षं त्याची आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली,
खोट्या दागिन्यांचे मणी ओवत,
कारण आपणच विचारलं होतं,
काही झालं तर जबाबदारी कुणाची?
बाकाचा तेवढाच भाग गुळगुळीत झालाय.
बघा कधीतरी.

जूनपासून ती घाटकोपरला
औषधांच्या दुकानात बिलं करते.
त्याआधी चार रविवार मी त्यांच्या घरी गेले,
कन्नमवार नगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
(भाडं मागत नाही.)
तिनं शिकवलं:
पाणी घट्ट करून चमच्यानं,
हनुवटी खाली, घाई नाही,
गिळल्याचा आवाज बोटानं ऐकायचा, गळ्यावर ठेवून.
झटका आला तर कुशीवर.
तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा नाही,
दाबून धरायचं नाही.
मग करायचं काय गं? मी म्हटलं.
म्हणाली, ताई, तोंड बघू नका,
घड्याळ बघा.
पाच मिनिटं झाली तर नाकात फवारा.

बाई, घड्याळ बघण्याचाच तर मला पगार मिळतो.

मंगळवारी साडेदहाला दोन मिनिटं कमी,
हातात हातोडी,
आणि वर चौथी ब गप्प झाली.
चौथी ब कधी गप्प नसते. म्हणून गेले.

पट्टा सोडला, सतरंजीवर कुशीवर घेतलं,
डोक्याखाली माझाच पदर.
पहिलं मिनिट.
दुसरं. भागडे गुरुजी म्हणाले, आईला फोन लावा.
मी म्हटलं, थांबा.
गुरुजींना मी आजवर थांबा म्हटलं नव्हतं.
तिसऱ्याला ती अस्मी, पहिल्या बाकावरची,
माझ्याबरोबर सेकंद मोजू लागली,
मग अख्खा वर्ग, पाढे म्हणावेत तसा, पण हळू.
फवारा ऑफिसच्या कपाटात,
कपाटाची किल्ली क्लार्कच्या खिशात,
क्लार्क वॉर्ड ऑफिसात.
दुसरा माझ्या पिशवीत होता, मिसरीच्या डबीशेजारी,
आईनं दिलेला.
नियमात बसत नसेल. लिहून टाकते.
चौथं.
खाली सगळी शाळा
डब्यांवर हात ठेवून बसली होती, हे कबूल.

चार मिनिटं दहा सेकंदांनी
त्याची मूठ सुटली.
श्वास लागला, ओठांवर रंग आला.
गुरुजींना शेजारी बसवून मग खाली आले, घंटा दिली.
एखादा टोल जास्त पडला असेल,
हात माझा नव्हता.

आईला लगेच कळवलं नाही, हा दुसरा ठपका.
पाच झाली असती तर कळवलं असतं,
तसं आमचं ठरलंय.
तिची नोकरी तिसऱ्या महिन्यात आहे.

आता दोन मागण्या, खुलाशात चालत असतील तर.
किल्ली खिळ्याला असावी.
आणि मी मार्चअखेर रिटायर होते,
कुणाचे तरी चार रविवार
आत्तापासून ठरवून ठेवा.

संध्याकाळी मीच चढले तिसरा मजला.
सांगितलं.
तिनं एवढंच विचारलं, किती?
चार दहा.
तिनं वहीत लिहिलं, तारखेसकट.
पेनाचं टोपण बराच वेळ लागेना तिला.
मग म्हणाली, डबा खाल्ला?
अर्धा, मी म्हटलं.
पूर्ण जागा झाल्यावरच दिला.

आपली नम्र,
कुंदा गमरे, शिपाई