जांभळ्या टोपणाची नळी

निपाणीत, वखारीच्या पत्र्याखाली आमचं शिबिर.
हवेत इतका तंबाखू, की स्पिरिटचा वास
कापसातच विरतो.
धारवाडची डॉक्टरीण म्हणते, "बायि तगी,"
आणि गौराक्का मगदूम मागं वळून बघते,
कुठल्या बाईला बोलावलं?
मी सांगतो, कन्नडात बायि म्हणजे तोंड.
"मग सरळ तोंडच म्हणा की."
आणि उघडते. दोन बोटं.
तिसरं आत जात नाही.

डाव्या गालाच्या आत, मिशरीचं बोट टेकतं तिथं
चिंचोक्याएवढा पांढरा डाग,
चुना सांडून वाळावा तसा.
तिखट झोंबतं?
"झोंबतंय की. वर्स झालं,
भाकरी ताकात कुस्करून खातोय."

तुकडा काढून बघायला ती तयार नाही.
कात्री म्हटल्यावर पदर तोंडावर गेला.
म्हणून दंड. म्हणून माझी सुई.
रक्ताला दोन्ही भाषांत रक्तच म्हणतात,
तिथं कुणी मागं वळून बघत नाही.

"तोंडातलं दुखणं दंडात कसं गावतंय?"
वखारीतच बसलोय, तर वखारीचंच सांगतो:
सौद्यात एक माल चढतो, एक उतरतो,
तसं रक्तातही. काही द्रव्यं चढतात, लोह उतरतं,
भाव बघून ताडायचं, आत काय शिजतंय.
ताडता येईलच असं नाही, हेही सांगतो.
अजून अभ्यास चाललाय, आक्का. शेवटी कात्रीच खरी.
ती मान हलवते.
तिनं पुष्कळ सौदे बघितलेत.

नळी एकशे सतरा. बर्फाच्या डब्यात, माझ्या मांडीवर,
संकेश्वर, हत्तरगी, काकती.
बसमधला शेजारी विचारतो, आइस्क्रीम काय?
मी उगाच जीभ
डाव्या गालावरून फिरवून बघतो.

पंधरा दिवसांनी कागद घेऊन परत तिथंच.
एका आकड्यापुढं तिसऱ्याच भाषेत लिहिलंय:
बॉर्डरलाइन.
म्हणजे? म्हणजे सीमेवर, मी म्हणतो.
धड इकडं नाही, धड तिकडं नाही.
ती हसते, दोन बोटांएवढं.
"ते तर आमी जल्मापासनं हाय. त्याला सुई कशाला?"

मग कमरेची मिशरीची डबी काढून
माझ्या टेबलावर ठेवते, दारापर्यंत जाते,
परत येते, डबी उचलते.
"कात्री कवा हाय?
गुरवारी सौदा अस्तोय.
गुरवार सोडून सांगा."