अंगी लागणं

ही भुकटी पाण्याला ओळख देत नाही.
भांड्यात टाकली की वर तरंगते,
निवलेल्या दुधावरच्या सायीसारखी.
पोटातही तिचं तेच.
शंभरातले नव्वद भाग
आले तसे निघून जातात.

रास अल-खैमा. रात्रपाळी.
पलीकडे हजरच्या डोंगराला क्रशर लावलाय,
डोंगराची खडी, खडीचे ट्रक,
ट्रक खोर ख्वैरच्या धक्क्याला.
इकडे माझी गिरणी, बादलीएवढी,
तिच्यात मोहरीहून बारीक मणी
आणि मण्यांमधून भुकटी फिरतेय सहा तास,
दोनशे नॅनोमीटर होईपर्यंत.

आई सहाणेवर जायफळ उगाळायची.
दोनच वळसे हं, जास्त नको.
अख्खं गिळून जे झालं नसतं
ते दोन वळशांत व्हायचं, भाऊ दुपारभर झोपायचा.

पण बारीक झाले की कण बावरतात,
एकमेकांना धरून बसतात,
सकाळी बाटलीच्या तळाशी पुन्हा ढेकूळ.
म्हणून प्रत्येकाला एक पातळ अंगरखा घालायचा.
कसला, हे ठरवण्यात माझी दोन वर्षं गेली.

परकार फोर्कलिफ्टवर आमची पिंपं आणतो. खेडचा.
याच औषधाची जुनी गोळी चालू आहे त्याला.
पाकिटावर अरबीत आणि इंग्रजीत सूचना.
"मॅडम, फॅटी जेवण म्हंजे?"
तूप, मी म्हटलं. अंडी, मटण.
तो हसला.
खोलीवर खुबूस आणि डाळ, डाळीत पाणी.
बाकीचं खेडला जातं
आणि लेकीच्या नर्सिंगच्या फीमध्ये
लगेच विरघळतं.
रमजानात तर गोळी सहरीला, कोऱ्या चहाबरोबर.
तीन वर्षं घेतोय, म्हणाला, अंगी लागत नाही.

आज सहा भांडी, सदतीस अंश,
वल्ही मिनिटाला पन्नास फेरे.
सहा पोटं, सगळी उपाशी.
तूप नाही, अंडं नाही, मुद्दामच.
पाच भांडी पंधरा मिनिटांत निवळली.
चौथं गढूळ.
का, ते मला माहीत नाही.

साडेचार. बांग होते.
परकार दाराच्या काचेशी उभा,
आत यायची त्याला परवानगी नाही.
हातानेच विचारतो, किती?
मी पाच बोटं दाखवते.

त्याला वाटतं, महिने.
मान डोलावून जातो.

मी हाक मारत नाही.
चौथ्या भांड्यात पुन्हा सुई बुडवते.