पहिली जोडी

काल रात्री दहापासून उपाशी.
आठ जणांतले पहिले दोघे, मी आणि ओनो.
बाकीचे सहा उद्या घेतील,
आज आम्ही नीट राहिलो तर.

एका गोळीत औषध आहे, दुसरीत नुसताच स्टार्च.
कुणाच्या पोटात काय गेलं, हे फेनालाही ठाऊक नाही.
तिने पाणी मोजून दिलं, दोनशे चाळीस मिलिलिटर,
आणि म्हणाली, तोंड उघडा. जीभ वर.
गालांच्या आतून टॉर्च फिरवला.
माशाच्या तेलाचा चमचा दिल्यावर आई
एवढी तपासायची नाही.

आधी उंदीर, नंतर कुत्रे, नंतर आम्ही.
अठ्ठावीस पानांवर सही करताना
मी कुत्र्यांचं विचारलं होतं.
डॉक्टर हुक्सेमा म्हणाल्या, ठीक होते.
तो ‘होते’ मी सायकलवरून घरी घेऊन गेलो,
कालव्याच्या कडेने, वाऱ्याच्या विरुद्ध.

मी कौलं बसवतो. जानेवारीत ग्रोनिंगेनची छपरं
काचेसारखी होतात, कुणी वर चढवत नाही.
म्हणून आलो. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.
ओनो विज्ञानासाठी आलाय, असं तो सगळ्यांना सांगतो,
दिवे मालवल्यावर मात्र म्हणाला: आणि बोटीच्या इंजिनासाठी.

सव्वाआठ. साडेआठ. नऊ.
दंडातल्या नळीतून दर खेपेला थोडंसं रक्त,
नळीवर माझं नाव नाही, पट्ट्यापट्ट्यांचं लेबल.
चार तास पाठ टेकून, अर्धवट बसून राहायचं.
लघवीसुद्धा वाया घालवायची नाही,
तिच्यासाठी भांडं आहे, भांड्याला वेळ आहे.
दोन आठवडे खसखशीचा पाव बंद, बीअर बंद, कॉफी बंद.
इतकं सांभाळून मी
कधीच जगलो नव्हतो.

अकराच्या सुमारास डाव्या डोळ्यामागे
कुणीतरी सुतळी ओढू लागलं.
फार नाही. ओढायचं, सोडायचं.

फेना आली. काही वेगळं वाटतंय?
‘डोकं दुखतंय का’ असं ती विचारत नाही,
तिला तसं विचारायची मुभा नाही,
शब्द माझ्याच तोंडून यायला हवा.
मी म्हणालो, नाही.
तिने ‘नाही’ लिहिलं आणि वेळ टाकली.

मग छताकडे बघत पडून राहिलो.
पांढरे चौकोन, एकाच्या कोपऱ्यात ओलीचा डाग.
विन्सुमला एका घरावर एक कौल बसवलं होतं मी,
खालून तडकलेलं. वरून कळत नव्हतं,
शिडी काढून झाली होती, शुक्रवार होता.
दोन वर्षांनी त्या बाईंचा फोन आला.
ओरडल्या नाहीत.
मुलीच्या पलंगावर ठिबकतंय, एवढंच म्हणाल्या.

घंटा दाबली.
डोकं, म्हणालो.
कधीपासून?
आत्ता. मग: नाही, अकरापासून.
तिने आधीचं खोडलं नाही. त्यावर एक रेघ मारली,
वाचता येईल अशी, शेजारी सही केली, तारीख घातली.
रागावली असती तर बरं वाटलं असतं.

पलीकडच्या पलंगावरून ओनो म्हणाला, माझंही.
सकाळपासूनच.

आता आम्ही दोघे एकमेकांकडे बघतोय.
दोघांपैकी एकाचं डोकं
स्टार्चने दुखतंय.
किंवा कॉफीवाचून. किंवा दोघांचंही कॉफीवाचून.
फेनाला हसू आलं असावं,
तिने ते फाइलमागे ठेवलं.

साडेबारा. माशाची वडी, उकडलेले बटाटे, मटार.
अर्ध्या तासात सगळं संपवायचं, मटारसुद्धा.
ओनो एकेक मोजून खातोय.

दाराच्या काचेशी उद्याचे सहा जण उभे आहेत,
कुणाच्या हातात अजून पत्ते.
आम्ही कसे दिसतोय ते बघताहेत.
मी हात वर केला, नळी असलेला.
त्यांतल्या एकाने केला.
बाकीचे अजून बघतच होते.