एकसष्ट

उम्म अल कुवैनच्या खाडीत पहाटे साडेपाचला
पाणी अगदी आरसा असतं. आणि आरसा नको असतो.
गुळगुळीत पाण्याला बोटीचं पोट चिकटून बसतं,
सुटत नाही.
थोडी सुरकुती लागते, अंगावर शिरशिरी यावी तेवढी.
म्हणून थांबलो. रोडेलने थर्मासमधून चहा ओतला.
फ्लेमिंगो चिखलात एका पायावर,
आम्हीही धक्क्यावर तसेच, पाय बदलत.

एकतीस फूट. मागे तीनशे-तीनशेची दोन इंजिनं.
हुमैदसाहेबांचा प्रश्न सोपा होता:
"किती पळते?"
मला विचारायचं होतं, कोणाकोणाला घेऊन?
टाकी किती भरून? वारा कुठून?
पण गिऱ्हाइकाला उलट प्रश्न आवडत नाहीत,
आणि कारखान्याच्या कागदावर आकडा छापलेला आहेच.
तो कुठल्या तळ्यात, किती रिकाम्या टाकीने,
केवढ्याशा माणसाने काढला,
देव जाणे.

किल-स्विचची लाल दोरी मांडीला बांधली.
दोन नॉट वाढवायचे, थांबायचं, ऐकायचं.
जाताना एकदा, येताना एकदा,
भरतीने दिलेलं भरतीला परत करून
मधला आकडा वहीत.
पन्नास: शहाणी.
छप्पन: इंजिनं जरा वर उचलली, तिने नाक मोकळं केलं.
बासष्ट: मागचा तुरा लांब आणि सरळ.
चौसष्टला ती डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर गेली,
एकदाच,
झोपेत कोणी वळावं तशी.

याला इंग्रजीत नाव आहे. मी घेत नाही.
वेंगुर्ल्याला आमच्यात म्हणतात, होडी मान हलवता.
मान हलवता म्हणजे नको म्हणता.

मी ऐकलं. आणि तरी लीव्हर पुढे सारला,
खोटं कशाला बोलू.
सहासष्ट. सदुसष्ट.
अडुसष्ट पॉइंट चार.
तिथे स्टीअरिंग हलकं होतं,
इतकं हलकं, की पलीकडून धरलेला हात
कोणीतरी सोडून दिला.
आणि समोर पांढरा कॅन.

कोणा मच्छीमाराच्या गरगूरची खूण.
खाली तळाशी तारेचा पिंजरा, आत दोन-चार शेरी,
वर तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, डुलत.
वळवता येत नव्हतं.
त्या वेगात मला एवढंच कळलं:
वळवता येत नव्हतं.
लीव्हर खसकन ओढला असता, तर नाक खाली, शेपूट पुढे.
मी काहीच केलं नाही. धाडस नव्हे ते,
दुसरं काही शिल्लक नव्हतं.
कॅन उजवीकडून गेला, हातभर अंतराने.
त्यावरचं सूर्यफूल मला स्पष्ट दिसलं.

मग उतरलो. जिना उतरतो आजारी माणूस, तसा,
एकेक आकडा धरून.
दुसरा कॅन शोधला, मुद्दाम.
चार सीटांवर वाळूच्या चार गोण्या,
हुमैदसाहेबांच्या चार मुलांच्या वजनाच्या.
रोडेलने त्यांना पट्टे लावले. धाकट्या गोणीचा जरा घट्ट.
त्रेसष्टला वळली, पण विचार करून.
एकसष्टला वळली.
टाकी अर्धी करून पुन्हा: वळली.
वारा सुटल्यावर पुन्हा.

डॅशबोर्डवर लाल चिकटपट्टी, मार्करने आकडा.
यंत्राला मात्र सगळं आठवत होतं:
कमाल वेग ६८.४. पुसायचा?
पुसला.

"किती पळते?"
"एकसष्ट."
त्यांचा चेहरा उतरला. कागदावर सत्तर आहे, म्हणाले.
रोडेल नळीने इंजिनातलं मीठ धूत होता,
त्याने वर पाहिलं नाही.

रात्री खोलीवर विशाखाचा फोन. आज काय केलंस?
पट्टी चिकटवली, म्हटलं.
मांडीवर दोरीचा वळ अजून होता.
जेवताना तो खाजत राहिला.